बिब्लिकल काउन्सेलिंगचं पदव्युत्तर शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिब्लिकल काउन्सेलिंग शिकायचं ठरवणाऱ्यांचे प्रश्न माझ्याकडे सतत येत असतात. विचारणाऱ्यांत पाळक (चर्चचे पास्टर) असतात, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, स्त्रियांचा बायबल अभ्यासवर्ग चालवणाऱ्या बहिणी असतात, परिचारिका असतात, नुकतीच पदवी घेतलेली मुलंमुलीही असतात. बरेच प्रश्न तेच तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. ही विद्याशाखा आजच्या रूपात अमेरिकेत घडली. त्यामुळे खाली येणाऱ्या संस्था, तास आणि नियम तिथले आहेत. तुम्ही दुसऱ्या देशात राहत असाल, तर बाकी काही वाचण्याआधी प्रश्न ४ वाचा.

१. बिब्लिकल काउन्सेलिंग म्हणजे नेमकं काय? दुःखी माणसाला वचनं वाचून दाखवणं एवढंच का?

एवढंच नाही. माणूस कोण आहे, त्याचं काय बिघडलंय आणि तो बदलतो कसा, या तीन प्रश्नांची मूळ उत्तरं पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहेत, असं हे समुपदेशन मानतं. तो पाया धरून समुपदेशक एका माणसाबरोबर काही आठवडे, कधी काही महिने बसतो. त्याचं ऐकतो, प्रश्न विचारतो, त्याच्याबरोबर शास्त्र उघडतो, प्रार्थना करतो आणि घरी करायला काहीतरी ठोस काम देतो. या गृहपाठाला इथे बरंच महत्त्व आहे, कारण आठवड्यात बैठक एकच तास असते आणि जगणं उरलेल्या सगळ्या तासांत होतं.

या चळवळीचा आवडता संदर्भ म्हणजे रोमकरांस पत्र १५:१४. विश्वासणारे एकमेकांना बोध करायला समर्थ आहेत, असं पौल तिथे म्हणतो. बोध करण्यासाठी तिथे ‘नौथेतेओ’ हे ग्रीक क्रियापद आलं आहे. त्यावरूनच सुरुवातीच्या काळात या पद्धतीला ‘नौथेटिक’ समुपदेशन म्हणत.

२. पास्टोरल काउन्सेलिंग, ख्रिश्चन काउन्सेलिंग आणि बिब्लिकल काउन्सेलिंग, तिन्ही एकच ना?

बोलताना लोक तिन्ही शब्द सरमिसळ वापरतात. प्रवेशअर्ज भरताना मात्र ही सरमिसळ महागात पडते.

पास्टोरल काउन्सेलिंगच्या अमेरिकी परंपरेवर रुग्णालयातल्या पाळकीय प्रशिक्षणाची छाप आहे. अँटन बॉयसेन यांनी १९२५ साली वुस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मनोरुग्णांच्या वॉर्डात शिकायला नेलं आणि त्यातून क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन उभं राहिलं. आजही त्याचं एक युनिट ४०० तासांचं असतं. या परंपरेने आधुनिक मानसशास्त्राकडून मोकळेपणाने घेतलं.

ख्रिश्चन काउन्सेलिंग म्हणणाऱ्या बहुतेक संस्था मानसशास्त्र आणि ख्रिस्ती विश्वास यांची सांगड घालतात. फुलर सेमिनरीची (सेमिनरी म्हणजे पाळकांना घडवणारी धर्मशास्त्राची संस्था) मानसशास्त्राची शाखा आणि बायोला विद्यापीठातलं रोझमीड ही त्यातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. तिथून बाहेर पडणारे बरेच जण परवानाधारक मानसशास्त्रज्ञ होतात.

बिब्लिकल काउन्सेलिंगमध्ये शास्त्र हा मुख्य आधार असतो आणि मंडळी हे मुख्य ठिकाण. मानसशास्त्राला तिथे किती जागा आहे, यावर घरातच वाद आहेत. त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

३. हे सगळं सुरू कुठून झालं?

एका अर्थी फार जुनं आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरला रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक होते. सोमवार आणि मंगळवार ते आणि त्यांचे सहायक सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत याच कामाला देत. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबं, एकेकाशी वेगळं बोलणं, त्याच्या आत्म्याची विचारपूस. व्यासपीठावरून जे सांगितलं ते या माणसाच्या घरात पोहोचलं का, हे ते तिथे बसून पाहत.

आजच्या चळवळीची तारीख मात्र १९७० धरतात. त्या वर्षी जे ॲडम्स या अमेरिकी पाळकांचं ‘कॉम्पिटंट टू काउन्सेल’ हे पुस्तक आलं. त्याआधी १९६५ च्या उन्हाळ्यात ॲडम्स यांनी इलिनॉयमधल्या सरकारी मनोरुग्णालयांत ओ. होबार्ट मॉवरर या मानसशास्त्रज्ञाबरोबर काम केलं होतं. माणसं लपवलेल्या अपराधाच्या ओझ्याखाली दबतात, असं मॉवरर यांचं म्हणणं होतं. मॉवरर यांचा मार्ग ॲडम्स यांनी स्वीकारला नाही. पण पाळकाने हे काम तज्ज्ञांवर सोपवून हात झटकायचे नसतात, हा त्यांचा निश्चय तिथे पक्का झाला. १९६८ साली ख्रिश्चन काउन्सेलिंग अँड एज्युकेशनल फाउंडेशन, म्हणजे सीसीईएफ, ही संस्था निघाली. १९७६ साली नौथेटिक समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. २०१३ साली तिचं नाव बदलून असोसिएशन ऑफ सर्टिफाइड बिब्लिकल काउन्सेलर्स, थोडक्यात एसीबीसी, असं झालं.

सेमिनरींच्या दृष्टीने आणखी एक वर्ष महत्त्वाचं आहे, ते २००५. लुईव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट थिऑलॉजिकल सेमिनरीत वेन ओट्स यांच्यापासून पास्टोरल केअरची मोठी परंपरा होती. ‘वर्कोहोलिक’ हा शब्द रूढ केला तो याच ओट्स यांनी. त्या सेमिनरीने २००५ मध्ये जुनी दिशा सोडून बिब्लिकल काउन्सेलिंगची वाट धरली. तोपर्यंत ज्याला छोट्या गटाचा हट्ट समजलं जाई, ते एका मोठ्या सेमिनरीचं अधिकृत धोरण झालं.

४. बिब्लिकल काउन्सेलिंगची एम.ए. केली की मी परवानाधारक समुपदेशक होईन ना?

बहुतेक वेळा नाही. मला सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात उशिरा येणारा हा प्रश्न आहे. अर्ज भरून, फी भरून, दोन सत्रं झाल्यावर विचारणारे भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

परवाना राज्य देतं, सेमिनरी नाही. अमेरिकेत समुपदेशकांना परवाना देणारा पहिला कायदा व्हर्जिनियाने १९७६ साली केला आणि २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने केल्यावर सगळी राज्यं त्यात आली. परवान्यासाठी साधारण ६० क्रेडिटची, ठरावीक विषय असलेली पदव्युत्तर पदवी लागते. कॅक्रेप ही समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था १०० तासांचं प्रॅक्टिकम (देखरेखीखालचं प्रात्यक्षिक) आणि ६०० तासांची इंटर्नशिप मागते. पदवीनंतर पर्यवेक्षणाखाली हजारो तासांचं काम आणि राज्याने ठरवलेली परीक्षा असते. डेन्व्हर सेमिनरीसारख्या काही ख्रिस्ती संस्थांचे समुपदेशनाचे अभ्यासक्रम या मान्यतेचे आहेत. बिब्लिकल काउन्सेलिंगची एम.ए. ही सहसा वेगळी पदवी असते. ती तुम्हाला मंडळीतल्या सेवेसाठी तयार करते आणि बऱ्याच संस्था हे आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात. ती ओळ बारीक टाइपात असली तरी शोधून वाचा.

परवान्याशिवाय तुम्ही मंडळीत समुपदेशन करू शकता. मात्र स्वतःला ‘लायसन्स्ड’, ‘थेरपिस्ट’ किंवा ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. कायद्याने राखून ठेवलेल्या पदव्या राज्यागणिक आणि देशागणिक बदलतात. म्हणून जिथे राहून काम करणार, तिथल्या परवाना मंडळाचे नियम आधी वाचा आणि मग सेमिनरी निवडा. हा क्रम उलटा करू नका.

५. एम.ए. घेऊ, एम.डिव्ह. घेऊ, की थेट डॉक्टरेटचा विचार करू?

तुम्ही कुठे उभं राहून हे काम करणार, यावर ते ठरवा.

मंडळीत पूर्णवेळ पाळक व्हायचं असेल तर समुपदेशनावर भर असलेली एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी, पाळकांची पदव्युत्तर पदवी) घ्या. ती लांब असते, पण उपदेश, धर्मशास्त्र, मूळ भाषा आणि समुपदेशन एकाच माणसात एकत्र येतात. पाळक नसाल, आणि स्त्रियांमध्ये, युवकांमध्ये किंवा विवाहितांमध्ये समुपदेशनच करायचं असेल, तर ३६ ते ६० क्रेडिटची एम.ए. पुरते. कॅलिफोर्नियातलं मास्टर्स युनिव्हर्सिटी आणि फिलाडेल्फियाजवळची वेस्टमिन्स्टर सेमिनरी ही या वाटेवरची परिचित नावं आहेत. वेस्टमिन्स्टर आणि सीसीईएफ यांचं नातं जुनं आहे.

डी.मिन. (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री) ही काम करत असलेल्या सेवकांसाठीची पदवी आहे. पीएच.डी. शिकवू पाहणाऱ्यांसाठी. ‘थेट डॉक्टरेट’ विचारणाऱ्यांना मी थोडं थांबायला सांगते. निदान तीन-चार वर्षं माणसांबरोबर बसल्याशिवाय या विषयात संशोधनाला लागणारा खरा प्रश्नच हाती येत नाही.

६. एसीबीसीचं प्रमाणपत्र आणि पदवी यात फरक काय? दोन्ही हवं का?

पदवी शिक्षणसंस्था देते, प्रमाणपत्र संघटना देते. एसीबीसीकडे ३० तासांचं मूलभूत शिक्षण, १० तास अनुभवी समुपदेशकाच्या कामाचं निरीक्षण आणि १००० पानांचं वाचन असा पहिला टप्पा आहे. मग धर्मशास्त्र आणि समुपदेशन यांवरच्या लेखी परीक्षा. शेवटी पर्यवेक्षणाखाली ५० तास समुपदेशन. वयाने मोठे, नोकरी-संसार सांभाळणारे अनेक जण फक्त हीच वाट धरतात आणि मंडळीत उत्तम काम करतात.

दोन्ही हवंच असं नाही. काही सेमिनरींचे विषय प्रमाणपत्राच्या पहिल्या टप्प्यासाठी धरले जातात, तेव्हा दोन्ही बरोबर होऊन जातं. प्रमाणपत्र म्हणजे सरकारी परवाना नव्हे, हे इथेही लागू आहे.

७. माझी पदवी वाणिज्य शाखेची आहे. मानसशास्त्र किंवा ग्रीक येत नसेल तर प्रवेश मिळतो का?

मिळतो. बहुतेक एम.ए. ना कोणत्याही शाखेची मान्य पदवी चालते. ग्रीक आणि हिब्रू सहसा एम.डिव्ह. मध्ये लागतात. तुमच्या विश्वासाची साक्ष लिहून द्यावी लागते आणि मंडळीचं शिफारसपत्र लागतं. या पत्रावरून अडचण आली तर प्रश्न २० पाहा.

८. दोन वर्षं शिकवतात तरी काय?

विषयांची नावं संस्थेप्रमाणे बदलतात, पण गाभा सारखा असतो. शास्त्राचा अर्थ लावण्याची रीत, देव, मनुष्य, पाप आणि पवित्रीकरण यांचं धर्मशास्त्र, विवाह आणि कुटुंब, व्यसन, भीती, नैराश्य, दुःख आणि शोक, अत्याचारातून गेलेल्यांची काळजी, समुपदेशनाची पद्धत.

धर्मशास्त्राचे तास कोरडे वाटतात, असं विद्यार्थी म्हणतात. पण कुणी तुमच्यासमोर बसून “देवाने मला सोडलंय” असं म्हणतं, तेव्हा देवाच्या विश्वासूपणाबद्दल तुम्हाला खरंच काय ठाऊक आहे, याची परीक्षा तिथल्या तिथे होते. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीतही उजेड येत नाही. ते का संपतं आणि तरीही ती प्रार्थनाच का आहे, हे ज्याला वर्गात नीट कळलंय, तो त्या माणसाला खोटा दिलासा देत नाही.

९. अभ्यासक्रम निवडताना सगळ्यात आधी काय पाहायचं?

पर्यवेक्षणाखालचं प्रात्यक्षिक. तुमची बैठक कोण ऐकणार, किती वेळा ऐकणार आणि ऐकून तुमच्याशी किती वेळ बोलणार, हे विचारा. प्राध्यापकांची नावं, ग्रंथालय, इमारत हे सगळं नंतर.

का म्हणते ते सांगते. माझ्या प्रशिक्षणातली पहिलीच बैठक. समोरच्या बाईंच्या संमतीने ती ध्वनिमुद्रित केली होती. त्या म्हणाल्या, रात्री झोप लागत नाही, छाती धडधडते. मी चार मिनिटांच्या आत फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडला. कशाचीही चिंता करू नका, प्रार्थना करा. वचन बरोबर होतं, माझा सूरही मऊ होता. त्यांनी मान डोलावली, आभार मानले, मला वाटलं छान झालं.

दोन दिवसांनी पर्यवेक्षकांनी ते ध्वनिमुद्रण लावलं आणि तिसऱ्या मिनिटाला थांबवलं. मागे घेऊन पुन्हा लावलं. बाई म्हणत होत्या, “त्या रात्रीपासून...” आणि त्यांचं वाक्य तोडून माझा आवाज आला होता. पर्यवेक्षकांनी विचारलं, “कोणती रात्र?”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी पुस्तक मिटून ठेवलं आणि तेवढंच विचारलं. त्या चाळीस मिनिटं बोलल्या. तेच वचन आम्ही पाचव्या बैठकीत उघडलं, आणि तेव्हा ते त्यांनीच वाचलं. ऐकून घेण्याआधी जो उत्तर देतो त्याचा तो मूर्खपणा ठरतो, असं नीतिसूत्रे १८:१३ सांगतं. ती ओळ मला पाठ होती, पण ती कळली त्या ध्वनिमुद्रणावर.

म्हणून ज्या अभ्यासक्रमात फक्त काल्पनिक प्रकरणांवर निबंध लिहून घेतात आणि जिवंत माणसासमोर बसवतच नाहीत, त्यात जाऊ नका असं मी स्पष्ट सांगते. त्या संस्थेचं नाव कितीही मोठं असो.

१०. या पद्धतीत प्रत्येक त्रास पापामुळेच येतो असं मानतात, हे खरं का?

आज बहुतेक ठिकाणी असं मानत नाहीत. पण हा आरोप हवेतून आलेला नाही. पहिल्या पिढीचा भर पाप, जबाबदारी आणि आज्ञापालन यांवर होता. दुःख भोगणाऱ्या माणसाबद्दल त्या लिखाणात तेवढं आलं नाही. चळवळीतल्याच पुढच्या पिढीने, विशेषतः डेव्हिड पॉवलिसन यांनी, ही उणीव मोकळेपणाने मांडली. ते २०१९ साली वारले.

माणूस पाप करणारा आहे, तसाच सोसणाराही आहे आणि विश्वासात असेल तर देवाचं लेकरूही आहे. तिन्ही एकाच वेळी खरं असतं. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र ५:१४ मध्ये पौल माणसांगणिक वेगळं वागायला सांगतो. अव्यवस्थितांना बोध, अल्पधीरांना धीर, अशक्तांना आधार. अल्पधीर माणसाला बोध केला तर तो मोडतो. ईयोबाच्या मित्रांकडून हीच चूक झाली होती. पहिले सात दिवस ते त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं.

११. मानसशास्त्र शिकवतात की त्याला विरोध करतात?

संस्थेप्रमाणे बदलतं, आणि हे प्रवेशाआधी विचारलंच पाहिजे. एका टोकाला मानसशास्त्राला जवळजवळ दार बंद असतं. दुसऱ्या बाजूला गेल्या काही वर्षांत असा गट पुढे आला आहे, जो आघात, मेंदू आणि शरीर यांबद्दलचं संशोधन शास्त्राच्या चौकटीत राहून वापरावं, असं म्हणतो. या मुद्द्यावर सध्या चळवळीत जोरदार चर्चा चालू आहे आणि दोन्हीकडे प्रामाणिक माणसं आहेत.

माझं मत विचाराल तर असं आहे. झोप न मिळाल्याने माणसाचं काय होतं, अत्याचारातून गेलेलं मूल अचानक आवाजाने का दचकतं, ही निरीक्षणं आहेत. ती नाकारण्यात भक्ती नाही. माणूस कशासाठी जगतो आणि त्याला क्षमा कुठे मिळते, हे मात्र निरीक्षणातून ठरत नाही. पहिल्यासाठी मी संशोधकाचं ऐकते आणि दुसऱ्यासाठी शास्त्राचं. एखादी संस्था तुम्हाला पहिलं वाचूच देत नसेल, तर तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागेल.

१२. नैराश्याची औषधं चालू असलेला माणूस आला तर त्याला काय सांगायचं?

औषध बंद कर, असं कधीही सांगायचं नाही. यात अपवाद नाही. नैराश्यावरची अनेक औषधं एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थपणा, निद्रानाश होतो आणि आजार उलटू शकतो. लिथियमसारखं औषध अचानक तोडणं तर फारच धोक्याचं. औषध देणं, बदलणं, कमी करणं हे डॉक्टरचं काम आहे. आपण त्याच्याबरोबर चालत राहायचं.

उलट बाजूही शिकवली जाते. नव्याने आलेल्या माणसाला वैद्यकीय तपासणी झाली आहे का, हे पहिल्या भेटीआधी भरायच्या अर्जातच विचारतात. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी पडलं, तरी माणूस नैराश्यात असल्यासारखा दिसतो.

१ राजे १९ मधला एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवाचा दूत आला, तेव्हा त्याने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली. एलीया जेवला, पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला आणि पुन्हा जेवायलाच उठवलं. “तू इथे काय करतोस?” हा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर आला. चार्ल्स स्पर्जन यांच्यासारखा उपदेशकही आयुष्यभर खिन्नतेशी झगडला. १८५६ साली त्यांच्या सभेत आगीची खोटी हाकाटी उठून चेंगराचेंगरी झाली आणि सात जण गेले. तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. पुढे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांपासून ही खिन्नता लपवली नाही.

जिवाला धोका आहे असं वाटलं तर बैठक पुढच्या आठवड्यावर ढकलायची नाही. थेट विचारायचं, एकटं सोडायचं नाही आणि तातडीची मदत बोलवायची.

१३. समोरच्याने सांगितलेलं सगळं गुप्त ठेवायचं असतं ना?

जवळजवळ सगळं, पण सगळं नाही. हे पहिल्या बैठकीआधी लेखी सांगायचं असतं. लहान मुलांवरच्या अत्याचाराची खबर देण्याबद्दल अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात कायदा आहे. पाळकांना त्यात किती सूट, हे राज्यागणिक वेगळं. माझ्या मते सूट असली तरी खबर द्यावी. मूल स्वतःसाठी बोलू शकत नाही.

मंडळीतल्या समुपदेशनात एक वेगळी गुंतागुंत आहे. काही मंडळ्यांच्या संमतीपत्रात, गरज पडल्यास वडीलजनांना (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना) सांगितलं जाईल, असं कलम असतं. सही करणाऱ्याला ते नीट समजलंय का, हे पाहणं समुपदेशकाचं कर्तव्य आहे. एका तरुणाच्या आत्महत्येनंतर चाललेल्या खटल्यात, परवाना नसलेल्या पाळकीय समुपदेशकांवर रुग्णाला तज्ज्ञांकडे पाठवण्याचं कायदेशीर बंधन नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला. काही जण तो निकाल ढालीसारखा पुढे करतात. कायद्याने बंधन नसलं म्हणजे प्रेमाचंही नाही, असं होत नाही.

१४. नवरा-बायको दोघंही आले आणि घरात मारहाण होते असं कळलं, तर एकत्र बैठक घ्यायची का?

नाही. विवाह-समुपदेशनाच्या नेहमीच्या रीतीला हा मोठा अपवाद आहे. नवऱ्यासमोर ती खरं बोलली, तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिला चुकवावी लागते. खरं बोलली नाही, तर समुपदेशन खोट्यावर उभं राहतं. आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता, वेगळ्या भेटी, आणि गरज असेल तिथे पोलीस. इफिसकरांस पत्रातली अधीनतेची ओळ मार खाणाऱ्या बाईसमोर वाचणारे मी पाहिले आहेत. त्याच अध्यायात नवऱ्याने स्वतःला अर्पण करण्याची आज्ञा आहे, ती त्यांनी त्या नवऱ्याला वाचून दाखवलेली नव्हती. तुमच्या अभ्यासक्रमात अत्याचारावर स्वतंत्र तास नसतील, तर बाहेरून शिका, पण शिकाच.

१५. पूर्ण ऑनलाइन शिकून चालेल का?

वाचन आणि व्याख्यानांसाठी चालेल. अनेक मान्यताप्राप्त संस्था पूर्ण एम.ए. ऑनलाइन देतात. दूरच्या विद्यार्थ्याचं प्रात्यक्षिक कसं घेतात ते विचारा. तुमच्याच मंडळीत समुपदेशन आणि पर्यवेक्षकाशी व्हिडिओवर नियमित चर्चा अशी सोय असेल तर उत्तम. नसेल तर प्रश्न ९ पुन्हा वाचा. मान्यतेचंही पाहा. सेमिनरींसाठी एटीएस ही जुनी मान्यता-संस्था आहे. मान्यता नसलेल्या पदवीवर पुढे पीएच.डी. ला प्रवेश मिळणं अवघड जातं.

१६. स्त्रियांना प्रवेश असतो का?

असतो, आणि त्यांची गरजही मोठी आहे. पाळकपद फक्त पुरुषांना देणाऱ्या परंपरांतही समुपदेशनाच्या पदव्या आणि प्रमाणपत्रं स्त्रियांना खुली आहेत. काही ठिकाणी स्त्रियांनी स्त्रियांचंच समुपदेशन करावं अशी अपेक्षा असते.

१७. मी स्वतः नैराश्यातून गेलेय. अर्जात लिहू की लपवू?

लिहा. विचारलं असेल तेवढं, खरं आणि थोडक्यात. उपचार चालू असतील तर तेही. प्रवेश समितीला तुमची जखम नको असते, ती कुठवर भरली आहे हे हवं असतं. मात्र सध्या अगदी वादळाच्या मध्यावर असाल, तर एक वर्ष थांबा. रोज दुसऱ्यांचं दुःख ऐकण्याने न भरलेली जखम उघडी पडते. आणि स्वतःचं बरं होणं हाच दुसऱ्याचा नकाशा समजण्याचा मोह टाळा. तुम्हाला ज्या वचनाने तारलं, ते समोरच्याला त्या दिवशी टोचू शकतं.

१८. ख्रिस्ती नसलेली व्यक्ती समुपदेशनाला आली तर?

आपण शास्त्राच्या आधारे बोलणार आहोत, हे आधीच उघड सांगायचं. तिला चालत असेल तर बसायचं, नसेल तर योग्य ठिकाणी जायला मदत करायची. अडचणीत सापडलेल्या माणसाच्या असहायतेचा धर्मासाठी फायदा उठवायचा नाही. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं. आभार मानायला एकच परत आला, म्हणून उरलेल्या नऊंचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही.

१९. बिब्लिकल काउन्सेलिंगची एम.ए. आधीच झाली आहे. आता परवाना हवा आहे. काही मार्ग?

आहे, पण लांबचा. आधी तुमच्या परवाना मंडळाकडून गुणपत्रिका तपासून घ्या. काही विषय धरले जाऊ शकतात. रोगनिदान, मूल्यमापन, व्यावसायिक नीती आणि इंटर्नशिप हे सहसा नव्याने करावं लागतं. अनेकांना दुसरी ६० क्रेडिटची पदवी घ्यावी लागते. काही विद्यापीठं जुने क्रेडिट वळते करून घेतात, तेव्हा अर्ज करण्याआधी हे लेखी मागा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पहिली पदवी वाया गेली असं मात्र समजू नका. परवानाधारक असून शास्त्रातही मुरलेली माणसं फार थोडी आहेत.

२०. आमचे पाळक शिफारसपत्र द्यायला तयार नाहीत. काय करू?

आधी कारण विचारा, आणि उत्तर ऐकताना वाद घालू नका. कधी कारण ऐकण्यासारखं असतं. तुम्ही मंडळीत नवीन असाल, किंवा लोकांत मिसळण्याआधीच त्यांना सल्ले देत असाल. मग एक वर्ष आजाऱ्यांना भेटा, शोकात असलेल्या घरी जाऊन बसा, आणि पुन्हा विचारा.

कधी कारण वेगळंच असतं. पाळकांना हा विषयच नको असतो, किंवा तुम्ही तिथल्या एखाद्या अत्याचाराबद्दल बोललेले असता. तसं असेल तर सेमिनरीच्या प्रवेश विभागाला परिस्थिती थोडक्यात, आरोपांची यादी न करता लिहा. बऱ्याच संस्था मंडळीतल्या दुसऱ्या वडीलजनांचं, आधीच्या मंडळीच्या पाळकांचं किंवा तुमचं सेवाकार्य जवळून पाहिलेल्या कुणाचं पत्र चालवून घेतात. पत्रात एक ठोस प्रसंग असू द्या. “प्रार्थनाशील आहे” असं लिहिलेली पत्रं समितीकडे ढिगाने येतात. “आमच्या घरी मूल गेलं तेव्हा ही सलग तीन महिने दर गुरुवारी आली आणि पहिल्या महिन्यात जवळजवळ काहीच बोलली नाही” अशी एक ओळ असली, तर समिती ते पत्र बाजूला काढून पुन्हा वाचते.